काढून टाकलेले चार फलक परत लावा: ग्वाल्हेरच्या आपल्या मंडळाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि प्रदर्शन समितीचे सर्व सदस्य,
लष्कर, ग्वाल्हेर.

सप्रेम नमस्कार.

राणी लक्ष्मीबाईच्या १८ जूनच्या बलिदान दिनानिमित्त मंडळाच्या सभागृहात सत्तावन्नच्या ग्वाल्हेरवर कायमचे प्रदर्शन लावायचे ठरले. मजकूर लिहायचे काम समितीने माझ्याकडे सोपवले आणि मी नऊ फलक लिहून दिले. छापून आले पाच. बाकीच्यांचे काय झाले म्हणून विचारले, तेव्हा फोनवर उत्तर मिळाले, "ताई, सणासुदीला रक्तपात कशाला? आणि उगाच कोणाच्या भावना दुखवायला नकोत." बलिदान दिनाचा सण कधी झाला, हे मला कळले नाही. मी लेखी कारण मागितले. ते आले नाही. मंडळ सभासदांच्या वर्गणीवर चालते आणि प्रदर्शन गावासाठी आहे, म्हणून हे पत्र गावासमोरच ठेवते.

काय काढले ते आधी सांगते, कारण पुष्कळ सभासदांना तेही ठाऊक नाही. मुरारच्या छावणीतल्या १४ जून १८५७ च्या रात्रीचा फलक काढला. झाशीत दहा महिन्यांच्या अंतराने झालेल्या दोन कत्तलींचा काढला. तेव्हाचे ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे आणि त्यांचे दिवाण दिनकरराव राजवाडे यांच्यावरचा काढला. आणि दुसऱ्या देशांत क्रांती व प्रतिक्रांतीच्या वेळी माणसे माणसांशी कशी वागली, हे सांगणारा शेवटचा फलक "विषयाशी संबंध नाही" म्हणून काढला. शिवाय ठेवलेल्या एका फलकातले एक वाक्य मला न विचारता बदलले. त्याबद्दल पुढे लिहिते, कारण मला सर्वांत जास्त टोचले ते हेच.

माझा यात काय संबंध, असे कोणी विचारेल. इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला, हा एक संबंध. दुसरा घरचा. माझ्या सासरचे पूर्वज दिनकररावांच्या दफ्तरात कारकून होते. माहेरचे घराणे बिठूरच्या पेशव्यांच्या आश्रयाचे. सासरी १ जून १८५८ ची, म्हणजे बंडवाल्यांनी ग्वाल्हेर घेतले त्या दिवसाची, आठवण निघाली की "आपले घर लुटले गेले" असे सांगत, आणि माहेरी त्याच दिवसाबद्दल "पेशवाई परत आली" असे. दोन्ही घरे मराठी बोलणारी, एकाच पंचांगावर सण करणारी. ग्वाल्हेरच्या सत्तावन्नची गोष्ट निराळी आहे ती इथेच. दुसरीकडे क्रांती एका भाषेत आणि प्रतिक्रांती इंग्रजीत झाली असेल. इथे नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब पेशवे, तात्या टोपे, राणी लक्ष्मीबाई एका बाजूला आणि जयाजीराव, दिनकरराव दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंचे खलिते मोडीत लिहिलेले. ही गोष्ट सांगण्याची जबाबदारी आपल्यावर इतरांहून जास्त आहे, आणि आपणच ती अर्धी करून लावतो आहोत.

पहिली तक्रार मुरार आणि झाशीच्या फलकांबद्दल. समितीतल्या एका ज्येष्ठांनी मला समजावले की क्रांती म्हटली की रक्त सांडतेच, त्यात वेगळे सांगण्यासारखे काय आहे. मी ते दोन फलक मुद्दाम शेजारी ठेवले होते, ते हेच म्हणणे खोडण्यासाठी. ८ जून १८५७ ला झाशीत किल्ल्यातून शस्त्रे ठेवून बाहेर आलेल्या इंग्रजांना झोकनबागेत नेऊन मारले. साठाच्या आसपास माणसे, त्यांत बायका आणि मुले. सहाच दिवसांनी, १४ जूनला रविवारी रात्री मुरारमध्ये ग्वाल्हेर कन्टिन्जन्ट, म्हणजे शिंद्यांच्या पैशावर पण इंग्रजांच्या हुकमात असलेली फौज, उठली. त्या फौजेने आपले गोरे अधिकारी मारले, एक पाद्रीही मारला, पण बहुतेक बायकामुलांना जाऊ दिले, आणि ती आग्र्याला पोचली. त्या पाद्र्याच्या विधवेने पुढे विलायतेत पुस्तक छापले. त्यात आपल्या लोकांबद्दलचा राग ठासून भरला आहे, पण आपण जिवंत सुटलो हे तीच बाई लिहिते. एकच बंड, एकच महिना, अंतर फार तर शंभर किलोमीटर. हिंसा पावसासारखी आपोआप पडत असती तर दोन्ही गावांत सारखीच पडली असती. झोकनबागेत कोणी तरी मारा म्हणाले, मुरारमध्ये कोणी तरी सोडा म्हणाले. हे दाखवायचे नसेल तर त्या सोडणाऱ्या शिपायांचेही श्रेय आपण काढून घेतो. त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत, निदान त्यांनी काय केले ते तरी भिंतीवर असू द्या.

झोकनबागेचा उल्लेख केला की राणीची बदनामी होते, ही भीती मला कळते. ती निराधार आहे. राणीने जबलपूरचा कमिशनर अर्स्किन याला त्याच जूनमध्ये पत्रे लिहून या कत्तलीचा निषेध केला आणि शिपायांपुढे आपण हतबल होतो असे कळवले. अर्स्किनने तेव्हा तिच्यावर भरवसा ठेवून झाशीचा कारभार तिनेच पाहावा असे लिहिले. कत्तलीच्या संदर्भात कागदपत्रांत तुरुंगाचा दारोगा बक्षिस अली याचे नाव येते. राणीने हुकूम दिल्याचा पुरावा मिळालेला नाही. इंग्रजांनी पुढे तिच्यावर आळ घेतला तो झाशीवरची चाल रास्त ठरवायला सोयीचा होता म्हणून. आपण झोकनबाग लपवली की तो आळ खोडायची संधीही जाते, आणि ज्या मुलाला उद्या मोबाइलवर ते वाचायला मिळेल, त्याला वाटेल की मराठी माणसांनी काही तरी दडवले.

त्याच फलकाच्या दुसऱ्या अर्ध्यात एप्रिल १८५८ होते. सर ह्यू रोजची फौज झाशीत शिरली आणि गावात दिसेल त्या पुरुषाला मारत सुटली. किती मेले याचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात, पण हजारांखाली कोणीच सांगत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे यज्ञाच्या दक्षिणेसाठी म्हणून उत्तरेत आले होते, ते त्या वेळी झाशीत अडकले. त्यांनी लपून जे पाहिले ते पुढे लिहून ठेवले. मराठीतला एवढा मोठा साक्षीदार आपल्या घरचा आहे आणि आपल्याच मंडळाच्या भिंतीवर त्याला जागा नाही. "रक्तपात नको" या एका कारणाने त्याचीही साक्ष गेली. झोकनबागेचा सूड म्हणून झाशी, असे इंग्रज सांगत. साठांच्या बदल्यात हजारो, आणि त्यांतल्या बहुतेकांचा झोकनबागेशी काडीचा संबंध नाही, हे दोन्ही आकडे एका फलकावर आल्याशिवाय कसे कळणार?

आता बदललेले वाक्य. मी लिहिले होते: "२० जूनला किल्ला पडल्यावर इंग्रजांनी आणि दरबाराने बंडात सामील झालेल्यांना शोधून फाशी दिले, शिंद्यांच्या खजिन्याचे अमरचंद बांठिया यांना २२ जूनला सराफ्यात कडुलिंबाला टांगले." छापले गेले: "२० जूननंतर शहरात शांतता प्रस्थापित झाली."

हे वाक्य मी कोणत्या तरी इंग्रज अधिकाऱ्याच्या अहवालात वाचले असते तर आश्चर्य वाटले नसते. आपण ते राणीच्या तसबिरीखाली लावले आहे. सराफ्यात रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांना बांठियांचा पुतळा दिसतो, आणि आपल्या फलकावर मात्र तिथे शांतता प्रस्थापित झाली. बांठियांचा गुन्हा काय, तर ज्या फौजेला महिनोन् महिने पगार नव्हता तिला खजिना उघडून दिला.

प्रतिक्रांतीची हिंसा अशीच लपते. क्रांतीची हिंसा रस्त्यावर होते, आरडाओरडा होतो, सगळ्यांना दिसते. प्रतिक्रांती गादीवर बसते, कायदा करते आणि मग मारते, त्यामुळे तिला हिंसा म्हणायला आपली जीभ रेटत नाही. १८५७ च्या मे-जूनमध्ये कलकत्त्याच्या सरकारने एकामागून एक कायदे करून खास आयुक्तांना फाशीचा अधिकार दिला, आणि त्या शिक्षेवर अपील ठेवले नाही. कर्नल नीलने जूनच्या मध्यापासून अलाहाबादेत फाशीचा जो सपाटा लावला तो कानपूरच्या सतीचौरा घाटावर इंग्रजांची कत्तल झाली त्याच्या, म्हणजे २७ जूनच्या आधीचा. सतीचौऱ्यानंतर १५ जुलैला बीबीघरात सुमारे २०० बायकामुले कापली गेली, तो प्रकार कोणत्याही बाजूने पाहिला तरी अक्षम्यच. पण शाळेत आम्हाला शिकवले ते असे, की बीबीघर झाले म्हणून इंग्रज पिसाळले. तारखा शेजारी ठेवल्या की ते खरे नाही हे सातवीतल्या मुलालाही दिसते. आणि इंग्रजांतही सगळे नील नव्हते. गव्हर्नर जनरल कॅनिंगने ३१ जुलै १८५७ ला सरसकट फाशीला आवर घालणारा ठराव काढला, आणि त्याबद्दल त्याच्याच लोकांनी त्याची टिंगल केली. म्हणजे त्या बाजूलाही थांबता येत होते.

तात्या टोप्यांचे पाहा. १८ एप्रिल १८५९ ला आपल्या शेजारच्या शिवपुरीत त्यांना फाशी दिले. लष्करी न्यायालयात आरोप होता इंग्रज सरकारविरुद्ध युद्ध केल्याचा. खुनाचा आरोप नव्हता. त्यांचे म्हणणे एवढेच, की काल्पी पडेपर्यंत नानासाहेबांचा आणि पुढे रावसाहेबांचा हुकूम मी मानला, कोणा गोऱ्या बाईचा-मुलाचा जीव घेण्यात माझा हात नाही. हा फलक आपण ठेवला याबद्दल आभार, पण "आरोप" ही ओळ त्यातूनही उडाली आहे. जागा कमी पडली असेल तर हार घातलेल्या तसबिरी थोड्या लहान कराव्यात.

जयाजीराव आणि दिनकरराव यांच्या फलकाबद्दल समितीत सर्वांत जास्त धास्ती होती, हे मी जाणते. शहरात शिंदे घराण्याचे नाव अजून जिवंत आहे आणि मंडळाला कार्यक्रमांसाठी देणग्याही लागतात. पण माझा फलक जयाजीरावांना शिव्या देणारा नव्हता. उलट मी असे लिहिले होते की महाराजपूर आणि पनिहार या २९ डिसेंबर १८४३ च्या दोन पराभवांनंतर दरबाराचे हात बांधले गेले. ग्वाल्हेर कन्टिन्जन्टचा पगार शिंद्यांच्या मुलखातून जाई आणि हुकूम इंग्रजांचा चाले. सत्तावन्नमध्ये जयाजीराव तेवीस वर्षांच्या आतबाहेरचे. त्यांनी गोऱ्यांना आग्र्याला पोचवले आणि बिथरलेल्या त्या फौजेला आश्वासनांवर आणि पैशांवर कित्येक महिने इथेच गुंतवून ठेवले. रक्त न सांडता केलेली ही प्रतिक्रांती होती, आणि इंग्रजांना तिचा फायदा एखाद्या लढाईहून जास्त झाला. मग १ जून १८५८ ला तेच जयाजीराव तोफा घेऊन रावसाहेबांवर चालून गेले, आणि त्यांचेच सैन्य पलीकडे मिळाले. अंगरक्षक तेवढे लढले. महाराज आणि दिवाण आग्र्याला गेले, मागे दिनकररावांचा वाडा लुटला गेला. विजेत्यांनी फूलबागेत दरबार भरवला आणि पंगती उठवल्या. पुढची लढाई दोन आठवड्यांवर आली असताना हे चालले होते, ही टीका राणीच्या चाहत्यांनीच सर्वांत कडक केली आहे.

या निष्ठेचे मोल काय मिळाले, तेही फलकावर होते. किल्ला इंग्रजांनी १८८६ पर्यंत आपल्याच ताब्यात ठेवला आणि परत देताना झाशी काढून घेतली. त्याच वर्षी जयाजीराव वारले. हे वाचून कोणाच्या भावना दुखतील असे मला वाटत नाही. दुखल्याच, तर १८५८ मुळे दुखतील, फलकामुळे नव्हे.

राहिला "विषयाशी संबंध नाही" म्हणून काढलेला फलक. त्यात तीन ठिकाणे होती. फ्रान्सचा मजकूर मी थोडक्यातच ठेवला होता: १७९३-९४ च्या दहशतीत न्यायालयांनी सुमारे १७,००० जणांना मृत्युदंड दिला, १० जून १७९४ च्या कायद्याने तर आरोपीचा वकीलही काढून घेतला, आणि २८ जुलैला दहशतीचा पुढारी रोबेस्पिअर स्वतः गिलोटिनखाली, म्हणजे त्याच शिरच्छेदाच्या यंत्राखाली, गेला. पुढच्या वर्षी दक्षिणेत राजाच्या बाजूच्या टोळ्यांनी तुरुंगांत घुसून क्रांतिवाद्यांना मारले. पॅरिसच्या १८७१ च्या कम्यूनने, म्हणजे शहराच्या बंडखोर क्रांतिकारी सरकारने, शेवटच्या दिवसांत आर्चबिशपसह काही ओलिसांना गोळ्या घातल्या. सरकारी फौजेने त्या एका मे महिन्याच्या आठवड्यात हजारो कम्यूनवाल्यांना भिंतीशी उभे केले. झाशीच्या एप्रिलशी हे जुळते की नाही, वाचणाऱ्याने ठरवावे.

पण माझा खरा आग्रह फिनलंडचा होता. तीस लाखांच्या आसपास वस्तीचा देश. १९१८ च्या जानेवारीत लालांची, म्हणजे समाजवाद्यांची, क्रांती झाली, मे महिन्यात पांढऱ्यांनी, म्हणजे सरकारच्या बाजूच्यांनी, ती मोडली. लालांनी दीड हजारांहून अधिक माणसे लढाईबाहेर ठार केली. पांढऱ्यांनी त्याच्या कित्येक पट माणसांना गोळ्या घातल्या, आणि विजयानंतर छावण्यांत डांबलेले १२,००० हून अधिक कैदी उपासमारीने व रोगांनी मेले. पुढे कित्येक वर्षे पांढऱ्यांच्या थडग्यांवर स्मारके उभी राहिली, लालांच्या खड्ड्यांवर फूल ठेवायलाही आडकाठी. शेजारी शेजाऱ्याशी बोलत नव्हता, दुकानेसुद्धा वेगळी. मग विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या सरकारने खर्च करून एक यादी करायला घेतली: त्या युद्धात मेलेला प्रत्येक माणूस, नाव, गाव, कसा मेला, कोणत्या बाजूचा. ३६,००० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. कोण बरोबर आणि कोण चूक याचा निकाल त्या यादीने लावला नाही. तिने एवढेच केले की यापुढे कोणालाही आपल्याला सोयीचे तेवढेच मेलेले मोजता येऊ नयेत.

मला आपल्या सभागृहात हे हवे आहे. छत्तीस हजारांची आपली तयारी नाही, पण मुरार, राणीची शेवटची लढाई झाली ते कोटा की सराय, फूलबाग, किल्ला आणि सराफा इथे मेलेल्यांपैकी जेवढी नावे छापील साधनांत सापडतात तेवढी एका भिंतीवर लावता येतील. राणीचे, गंगादासांच्या शाळेतल्या, म्हणजे मठातल्या, साधूंचे, बांठियांचे, मुरारच्या पाद्र्याचे, जयाजीरावांच्या अंगरक्षकांचे, किल्ल्याच्या चढाईत पडलेल्या इंग्रज लेफ्टनंट रोजचे (हा सर ह्यू रोज नव्हे) आणि त्याच्याबरोबर चढलेल्या मुंबई फौजेतल्या देशी शिपायांचे. त्या शिपायांत मराठे होते हेही आपण कधी बोलत नाही. जिथे नाव नाही तिथे "नाव माहीत नाही" असे लिहावे.

प्रदर्शनाला शाळेची मुले येतात, त्यांना हे झेपणार नाही, असे एका सभासद भगिनींनी मला सुचवले. मी मुलांना हेच शिकवत आले आहे. मुले तारखा विसरतात, पण "मग त्यांनी बायकांना का नाही मारले?" हा प्रश्न त्यांना हमखास पडतो, आणि त्या प्रश्नानंतर तो तास वाया जात नाही.

एक गोष्ट अवघड आहे, पण लिहिते. राजकीय हिंसा आपल्या दारापर्यंत कधी आलीच नाही, अशा थाटात आपण ग्वाल्हेरचे मराठी लोक राहतो. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर ज्या पिस्तुलाने गोळ्या झाडल्या गेल्या ते याच शहरात मिळवले होते, हे खटल्यात पुढे आले. त्यानंतर महाराष्ट्रात निरपराध मराठी घरे जाळली गेली. दोन्ही गोष्टी आपल्या घरांत कुजबुजीपलीकडे गेल्या नाहीत. सत्तावन्नला दीडशेहून जास्त वर्षे झाली. निदान त्याबद्दल तरी मोठ्याने बोलायला काय हरकत आहे?

माझ्या मागण्या अशा आहेत.

काढलेले चारही फलक आहेत त्या मजकुरासह लावावेत. एखादा तपशील चुकीचा वाटत असेल तर तो दाखवावा, पुरावा पटला तर मी स्वतः बदलून देईन.

"शांतता प्रस्थापित झाली" हे वाक्य तातडीने काढावे आणि मूळ वाक्य छापावे. हे १८ जूनपर्यंत थांबू नये. तोवर निदान त्यावर कागद चिकटवावा. तात्यांच्या फलकावर आरोपाची ओळ परत घ्यावी.

नावांच्या भिंतीला तत्त्वतः मान्यता द्यावी. शोधाचे काम मी आणि माझे काही जुने विद्यार्थी विनामूल्य करू. मंडळाने फक्त ग्रंथालयाची जुनी कपाटे उघडून द्यावीत, त्यांच्या किल्ल्या सध्या कोणाकडे आहेत हेही कोणाला सांगता येत नाही.

यापुढे प्रदर्शनाच्या मजकुरात बदल करायचा असेल तर लिहिणाऱ्याला लेखी कळवावा आणि बदल कोणी सुचवला याची नोंद कार्यकारिणीच्या इतिवृत्तात असावी.

या सगळ्यावर सभासदांची खुली सभा घ्यावी. फलक नकोत असे ज्यांना वाटते त्यांनी तिथे उभे राहून सांगावे, मी पुढच्या रांगेत बसून ऐकेन. जयाजीरावांचा फलक नको असणारे आणि झोकनबागेचा फलक नको असणारे वेगवेगळे लोक आहेत, असा माझा अंदाज आहे. त्यांनी एकमेकांची कारणे ऐकली तर बरे होईल.

सभा घ्यायची नसेल आणि फलकही लावायचे नसतील, तर चारही फलकांचा मजकूर आणि उरलेल्या पाचांवरचे माझे नाव, दोन्ही मला परत द्यावे. छपाईचा झालेला खर्च माझ्या मानधनातून वळता करून घ्यावा, ते अजून मिळालेले नाही.

आपली,
एक सभासद आणि निवृत्त इतिहास शिक्षिका,
लष्कर, ग्वाल्हेर